‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ : पार्किन्सन्सबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात कंपवातावर म्हणजे पार्किन्सन्सवर थोडंसं लिहिलं होतं आणि शेवटी प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मिळून एवढे आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्यच नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत. आणि एक आधीच सांगते, मी फिजिओथेरपिस्ट आहे, न्यूरॉलॉजिस्ट नाही, तेव्हा गोळीचा डोस वाढवू का कमी करू हे मला विचारू नका. बाकी सगळं विचारा.

प्रश्न : ताई नमस्कार. वय ५९, सांगली. बँकेत होतो. दोन वर्षांपूर्वी सही बारीक व्हायला लागली, इतकी की माझाच चेक माझ्याच ब्रँचमधून सही जुळत नाही म्हणून परत आला. मग हात थरथरायला लागला आणि निदान झालं. डॉक्टर म्हणाले हा वाढत जाणारा आजार आहे. मी रोज पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायचो, ते मुलाने बंद केलं, पडाल म्हणतो. शर्टाची बटणं बायको लावून देते. माझा प्रश्न सरळ आहे, असलेली शक्ती जपून वापरली तर जास्त वर्षं पुरेल का?

उत्तर : नाही काका. तुम्ही बँकेतले म्हणून तुमच्या भाषेत सांगते, शक्ती म्हणजे एफडी नव्हे, हात लावला नाही म्हणून ती वाढत बसत नाही. उलट वापरली नाही तर आजाराने जेवढं नेलं नसतं तेवढं बसून राहण्याने जातं, आणि ते लवकर जातं.

या आजारात मेंदूच्या आत खोलवर डोपामाइन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी कमी होत जातात. हालचाल मोठी करायची की छोटी, जोरात की हळू, हे ठरवण्यात त्या रसायनाचा मोठा वाटा असतो, म्हणून अक्षर बारीक होतं, पाऊल छोटं पडतं, आवाज खाली जातो, चालताना एक हात हलायचा थांबतो. पण हाताचे आणि पायाचे स्नायू मुळात चांगलेच असतात! त्यांना येणारा निरोप बारीक झालेला असतो. त्यामुळे मुद्दाम, ठरवून, जरा जास्तच मोठी हालचाल करायची, पाऊल लांब टाकायचं, हात खांद्यापासून झुलवायचा. तुम्हाला वाटेल आपण परेडला निघालोय, बघणाऱ्याला मात्र तुम्ही नॉर्मल चालताय असं दिसेल.

व्यायामाने फायदा होतो हे नुसतं म्हणण्यापुरतं नाहीये. २०१८ मध्ये अमेरिकेत १२८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, नुकतंच निदान झालेले आणि अजून गोळ्या सुरू न झालेले हे लोक होते. काहींना ट्रेडमिलवर चांगला दम लागेल असं जोरात चालवलं, काहींना मध्यम आणि काहींना नेहमीसारखंच राहू दिलं. सहा महिन्यांनी जोरात चालणाऱ्यांची लक्षणं जवळपास होती तिथेच होती आणि काही न करणाऱ्यांची वाढली होती. एका अभ्यासावर आजार थांबला असं कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही, पण जपून बसा असं तर कोणताच अभ्यास सांगत नाही.

तेव्हा घाट परत सुरू करा, आधी डॉक्टरांना विचारून हृदय आणि बीपी तपासून घ्या आणि मुलाला सांगा की बंद करण्यापेक्षा सोबत चल. गोळी लागू पडल्यावर निघा, गोळीच्या आधी नको. वेग असा ठेवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, पाठ ताणणं हे करा, कारण पाठ वाकायला लागली की तोल जातो. मुलाची पडण्याची भीती खोटी नाहीये हं, पण तिचं उत्तर बाथरूममध्ये हँडल बसवणं, रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा, सपातांऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल आणि उठल्यावर मिनिटभर कॉटच्या कडेला बसून मग उभं राहणं (कारण या आजारात आणि गोळ्यांनीही बीपी एकदम खाली येऊ शकतं) हे आहे.

आणि बटणं स्वतः लावा. दहा मिनिटं लागली तर लागू देत, रिटायर आहात ना, कुठे लोकल पकडायचीय? काकूंना सांगा की फक्त गळ्याचं सर्वात वरचं लावून द्या. सहीसाठी मुलांची चार रेघी वही आणा आणि रोज एक पान मोठ्या अक्षरात लिहा, आणि बँकेत नव्या सहीचा नमुना देऊन टाका, ते काय करायचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

प्रश्न : सासरे ७२ वर्षांचे, आम्ही डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये राहतो. हॉलमधून किचनच्या दारापर्यंत नीट येतात आणि दारात पाय जमिनीला चिकटतात. पुढे झुकतात पण पाऊल निघत नाही. गंमत म्हणजे सोसायटीचा जिना भराभर चढतात! त्यामुळे सासूबाईंना वाटतं नाटक करतात, आणि खरं सांगू तर कधीकधी मलाही वाटतं.

उत्तर : नाटक नाहीये. याला आम्ही फ्रीझिंग म्हणतो आणि दार, अरुंद जागा, वळण, गर्दी, घाई, फोनची रिंग ही त्याची आवडती ठिकाणं. जिना जमतो कारण प्रत्येक पायरी डोळ्यासमोर असते, पाय कुठे ठेवायचा ते दिसतं. सपाट जमिनीवर चालणं आपण न विचार करता करतो आणि नेमकी तीच ऑटोमॅटिक यंत्रणा या आजारात बिघडते. डोळ्यांना खूण दिली किंवा कानाला ठेका दिला तर मेंदू दुसऱ्या वाटेने काम काढून घेतो.

म्हणून किचनच्या दाराच्या अलीकडे-पलीकडे फरशीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवा, एकेका पावलाच्या अंतरावर, फरशीच्या रंगापेक्षा वेगळ्या दिसतील अशा. त्यांना सांगा पट्टी ओलांडून पाय टाका. बाहेर पट्ट्या नसतात, तिथे अडकले की आधी थांबायचं, एक श्वास, मग वजन डाव्या पायावर, उजव्या पायावर, असं दोनदा झुलायचं आणि मोठं पाऊल टाकायचं. काहींना ‘एक-दोन एक-दोन’ जमतं. माझ्याकडे येणारे एक आजोबा वारकरी आहेत, ते ज्ञानबा-तुकारामच्या ठेक्यावर असे निघतात की मला मागे धावावं लागतं.

तुम्ही काय करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. हात धरून ओढायचं नाही, त्याने वरचं अंग पुढे येतं, पाय मागेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. ‘अहो चला ना’ म्हणायचं नाही. मागे उभं राहून घाई करायची नाही. त्यांच्या हातात चहाचा कप देऊन चालायला लावू नका, चालताना प्रश्न विचारू नका. वळताना जागच्या जागी गर्रकन न वळता थोडा मोठा फेर घेऊन वळू देत. आणि आठवडाभर एका कागदावर गोळीची वेळ आणि अडकण्याची वेळ लिहून काढा. पुढची गोळी घ्यायच्या आधी जास्त अडकत असतील तर तो कागद डॉक्टरांना फार उपयोगी पडतो, कारण गोळ्यांच्या वेळा बदलून त्यात सुधारणा होऊ शकते.

सासूबाईंना हे वाचून दाखवा. त्यांचंही चुकत नाही, दिसतंच ते नाटकासारखं.

प्रश्न : माझे मिस्टर शिक्षक होते, अख्खं नाशिक त्यांना सर म्हणून ओळखतं. आता चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. नातीच्या बारशाला फोटोत हसले नाहीत म्हणून व्याही नाराज झाले. हात खिशात घालून बसतात, लग्नाकार्याला येत नाहीत. आवाज इतका बारीक की मी दहादा ‘काय?’ विचारते. परवा म्हणाले मला आता आणखी काय बघायचं राहिलंय. सगळे म्हणतात मन खंबीर ठेवायला सांगा. कसं सांगायचं?

उत्तर : ‘मन खंबीर ठेवा’ हा सल्ला फुकटात मिळतो आणि तेवढ्याच किमतीचा असतो. मला तो ऐकला की राग येतो.

दोन गोष्टी वेगळ्या करू. चेहरा न हलणं हे या आजाराचंच लक्षण आहे, चेहऱ्याच्या स्नायूंनाही निरोप बारीकच जातो, आतून माणूस हसत असू शकतो. हे व्याह्यांना सरळ फोन करून सांगा, लपवण्यासारखं काही नाही त्यात. दुसरी गोष्ट डिप्रेशन. पार्किन्सन्समध्ये उदासी आणि घालमेल ही पुष्कळांना येते, आणि ती फक्त आजाराचं दुःख म्हणून येत नाही, मेंदूतल्या ज्या रसायनांचा घोळ झालाय त्याचाच तो भाग असतो. कित्येकांना हात थरथरायच्या आधी वर्ष-दोन वर्षं कशातच रस वाटत नव्हता हे नंतर मागे वळून बघताना लक्षात येतं. तेव्हा त्यावर उपचार आहेत, औषधं आहेत, समुपदेशन आहे, आणि ते मागणं म्हणजे सर कमकुवत झाले असं अजिबात नाही.

‘आणखी काय बघायचंय’ हे वाक्य मात्र हसण्यावारी नेऊ नका. शांतपणे, सरळ विचारा, ‘जीव नकोसा वाटतो का, काही करून घ्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि तुमच्यासाठीसुद्धा आहे.

आवाजासाठी एक काम सांगते. रोज सकाळी सरांनी पेपरमधला अग्रलेख मोठ्याने वाचायचा, तुम्ही किचनमध्ये आणि ते हॉलमध्ये. वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू गेलं पाहिजे एवढंच त्यांना सांगा, त्यांना कळेल. या आजारात आपण ओरडतोय असं माणसाला स्वतःला वाटतं तेव्हा तो जेमतेम नॉर्मल आवाजात बोलत असतो, म्हणून ‘मी काय ओरडू का’ म्हणाले तर हो म्हणा. गिळताना ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्टला लवकर दाखवा, तेच गिळण्याचंही बघतात.

आणि खिशातल्या हाताबद्दल. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत बॉक्सर मुहम्मद अलीने पेटवली, त्यालाही पार्किन्सन्सच होता, हात थरथरत होता, सगळं जग टीव्हीवर बघत होतं, आणि त्याने तो लपवला नाही. सरांना तो प्रसंग आठवत असेल. पण अलीपेक्षा जास्त उपयोग त्यांच्यासारख्याच चार माणसांचा होतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून काम करतेय. पुण्यात ऋषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवलेत, सत्तरीतली माणसं तिथे नाचली आहेत. थरथरता हात असलेले वीसजण एका खोलीत बसले की खिशात हात घालायचं कारणच उरत नाही. नाशिकहून दर वेळी जाणं जमणार नाही, ऑनलाइन काही चालू आहे का ते फोन करून विचारा.

प्रश्न : गोळी कधी लागू पडते, कधी अजिबात नाही. जेवणाशी काही संबंध आहे का? एकादशीला बाबा फक्त दूध आणि दाण्याची आमटी घेतात त्या दिवशी तर फारच त्रास होतो. आणि खाजकुहिलीची पावडर घेतली तर गोळ्या बंद करता येतात असा मेसेज फिरतोय.

उत्तर : संबंध आहे आणि तुमचं निरीक्षण मस्त आहे. सिंडोपासारख्या गोळीतलं लेव्होडोपा (मेंदूत त्याचंच डोपामाइन बनतं) आणि जेवणातलं प्रोटीन हे आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना एकाच दरवाजात रांग लावतात. दूध-दाणे पोटात असले की गोळीला आत जायला जागा मिळत नाही. म्हणून ती साधारण जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पाण्याबरोबर. दुधाच्या चहाबरोबर नको. मळमळलं तर एखादं बिस्किट चालेल. पण प्रोटीन बंद करू नका बरं का, नाहीतर वजन आणि ताकद जाते. काहींना दुपारी हलकं आणि डाळ-पनीर-अंडी रात्री असं जमतं, ते डॉक्टरांना विचारून करा. बद्धकोष्ठ असेल तर गोळी आणखी उशिरा लागू पडते, त्यामुळे पाणी, पालेभाज्या, पेरू, चालणं.

खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा खरंच असतं, आयुर्वेदात कवचबीज म्हणून ती पूर्वापार वापरात आहे. पण म्हणूनच ती ‘साधी पावडर’ नाही, चालू गोळीच्या वर ती घेतली की तो डबल डोस होतो, आणि कुठल्या पुडीत किती आहे ते कळायला मार्ग नाही. आणि गोळ्या एकदम बंद करणं तर धोकादायक आहे, अंग कडक होऊन ताप चढून माणूस आयसीयूत जाऊ शकतो. पावडर घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, लपवून नको.

जाता जाता, फ्रिजवर एक चिठ्ठी लावा : मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन. उलटी आणि चक्कर यावर ही औषधं सर्रास दिली जातात आणि पार्किन्सन्स वाढवतात. दवाखाना कुठलाही असो, आधी आजाराचं नाव सांगायचं.

प्रश्न : हे कोणाला सांगताही येत नाही. मिस्टर ५४, आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नाही. सात-आठ महिन्यांपूर्वी एक नवीन गोळी सुरू झाली आणि तेव्हापासून रात्र-रात्र मोबाइलवर ऑप्शन ट्रेडिंग करतात. मुलीच्या शिक्षणाचे पैसे गेले. घरात चार मिक्सर आलेत ऑनलाइन.

उत्तर : ताई, हे त्यांचं चारित्र्य नाही, हा बहुतेक गोळीचा परिणाम आहे. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या गोळ्यांनी काहींना असा अनावर नाद लागतो, जुगार, खरेदी, खाणं, कामेच्छा, काहीही. माहीत असलेला साइड इफेक्ट आहे आणि डोस कमी केला किंवा औषध बदललं की बहुतेकांचा ओसरतो. पण तुम्ही आपल्या आपण बंद करू नका. पुढच्या तारखेची वाट न बघता या आठवड्यातच डॉक्टरांना फोन करा, मिक्सरसकट सगळं सांगा, लाजू नका, त्यांनी हे ऐकलेलं असतं. तोवर मिस्टरांशी बोलून खात्याची लिमिट कमी करून घ्या.

प्रश्न : वय ६६, रत्नागिरी. हे रात्री झोपेत ओरडतात, लाथा मारतात, मला दोनदा लागलं. सकाळी आंघोळ घालते, कपडे, गोळ्या, डबा, सगळं मीच. परवा अंगावर खेकसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. मुलगा अमेरिकेत, रोज फोनवर म्हणतो, आई बाबांना पॉझिटिव्ह ठेव. मी वाईट बायको आहे का?

उत्तर : नाही. थकलेली आहात. बारा-पंधरा तासांची ड्यूटी आणि वर रात्रीची झोप मोडलेली, कुठलीही नर्स हे महिनाभर करणार नाही.

झोपेतल्या लाथा म्हणजे ते स्वप्नात जे करताहेत ते शरीर करतंय, एरवी स्वप्नात शरीराला लागणारा ब्रेक या आजारात सुटतो. ते मुद्दाम नाही आणि त्यावर औषध आहे, डॉक्टरांना सांगा. आजपासून वेगळ्या कॉटवर झोपा. कोकणातल्या घरात कोण काय म्हणेल हा विचार सोडा. त्यांच्या कॉटजवळचं टेबल, तांब्या, काच बाजूला करा.

आंघोळ. प्लास्टिकचं स्टूल, दांडीचा मग, दोरी लावलेला साबण, भिंतीला हँडल, आणि गोळी लागल्यानंतरची वेळ. मग ते स्वतः करू शकतात का बघा. पाठ तेवढी तुम्ही चोळा. पाऊण तास लागेल, पाणी सांडेल, टाळू नीट पुसली जाणार नाही, चालेल. तुम्ही मायेने सगळं हातातून काढून घेतलंय आणि त्यात त्यांचेही हात सुटले आणि तुमचीही कंबर गेली. कडधान्य निवडणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या, ही कामं त्यांच्याकडे द्या, घडी वाकडी आली तर परत घालू नका, निदान त्यांच्यासमोर तरी नको.

आता चिरंजीव. पॉझिटिव्ह ठेवायचं काम त्यालाच द्या. रोज आपल्याकडच्या संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, अर्धा तास व्हिडिओ कॉल करून बाबांकडून व्यायाम करून घ्यायचा, त्यानेही समोर करायचा. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट आणि गोळ्यांची ऑर्डर त्याच्याकडे. आणि रोज दुपारी दोन-तीन तास एक बाई किंवा मदतनीस ठेवायचे पैसे त्याने पाठवायचे. त्या वेळात तुम्ही घरात थांबायचं नाही. भजनी मंडळ, भाजी, मैत्रीण, समुद्रावर नुसतं बसणं, काहीही. राग येणारच, आला की खोलीबाहेर जा, दहा मिनिटांनी या, आणि आपल्या स्वतःच्या शुगर-बीपीची तारीख चुकवू नका.

थोडक्यात : हात थरथरला म्हणजे पार्किन्सन्सच का असं बऱ्याच जणांनी विचारलंय. नाही. कप उचलताना थरथरतो आणि मांडीवर ठेवल्यावर थांबतो तो बहुतेक वेगळा प्रकार, पार्किन्सन्समध्ये जास्त करून आराम करतानाच थरथरतो, आणि काहींना तर अजिबात थरथर नसते. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. ‘मुलांना होईल का?’ बहुतेकांच्या बाबतीत आनुवंशिक नसतो, फार कमी वयात झाला असेल किंवा घरात अनेकांना असेल तर डॉक्टरांशी बोला. ‘मेंदूतलं ऑपरेशन?’ डीबीएस म्हणतात त्याला, गोळी लागू पडते पण परिणाम टिकत नाही अशा काहींना चांगला फायदा होतो, आजार बरा होत नाही आणि सगळ्यांसाठी नाही.

दिव्यांग सर्टिफिकेटबद्दलही विचारलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात पार्किन्सन्स आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर एसटीची सवलत वगैरे मिळते, इन्कम टॅक्समधल्या वजावटीचं तुमच्या सीएला विचारा. तपासणीला जाताना एक लक्षात ठेवा, गोळी लागू पडलेली असताना माणूस बराच बरा दिसतो, म्हणून वाईट वेळेचा मोबाइलवरचा व्हिडिओ आणि तो गोळ्यांच्या वेळांचा कागद सोबत न्या, आणि गोळी चुकवून मात्र जाऊ नका.